तीन महिन्यांचा शहेनशाह

मराठ्यांच्या इतिहासातला एक अत्यंत महत्त्वाचा कागद क्षयाने खंगलेल्या एका पोराच्या नावाने निघाला आहे. मार्च १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीत चौथाई, सरदेशमुखी आणि स्वराज्य यांच्या सनदा मिळवल्या. दक्षिणेच्या सहा सुभ्यांत महसुलाचा चौथा हिस्सा, त्याखेरीज दहा टक्के सरदेशमुखी, आणि पुणे, जुन्नर, सातारा, कोल्हापूर हा शिवाजी महाराजांनी उभा केलेला मुलूख शाहू महाराजांचा, अशी ही मान्यता होती. शाळेच्या पुस्तकातही एवढे येते. सनदा देणारा बादशहा कोण, हे बहुधा येत नाही. त्याचे नाव रफी-उद्-दराजात. वय एकोणीस-वीस. दरबारातल्या बलाढ्य सय्यद बंधूंनी २८ फेब्रुवारीला आधीचा बादशहा फर्रुखसियर याला तख्तावरून ओढून काढले, त्याला आंधळे केले आणि त्याच दिवशी या आजारी शहजाद्याला त्याच्या जागी बसवले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याला उतरवून थोरल्या भावाला पुढे केले. पुढच्या काही दिवसांतच रफी-उद्-दराजात मरण पावला.

या तीन महिन्यांत त्याच्या नावाचे रुपये पाडले गेले. शाहजहानाबादेत पडले, लाहोरात पडले. ते आजही संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे आहेत. त्यांवरचा फारसी मजकूर या मुलाला समुद्र आणि भूमी यांचा शहेनशाह म्हणतो. ज्याला लाल किल्ल्यातल्या आपल्या दालनाबाहेर सय्यदांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नव्हते, त्याच्याबद्दल चांदी असे बोलते.

मोगल काळात सार्वभौमत्वाच्या दोन खुणा मानल्या जात. शुक्रवारच्या नमाजात नावाचा खुत्बा, आणि टांकसाळीत नावाचा सिक्का. खुत्बा हवेत विरतो. सिक्का हातोहात फिरतो आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्याही कनवटीला जाऊन बसतो. म्हणून तख्त मिळाले की पहिली धाव टांकसाळीकडे असे. १७१९ च्या मे महिन्यात आग्र्याच्या किल्ल्यात निकुसियर या दुसऱ्या शहजाद्याला बंडखोरांनी बादशहा म्हणून पुकारले, तेव्हा त्यानेही नाणी पाडली. ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि तो कैदेत गेला. नाणी राहिली.

रोमच्या इतिहासात इ. स. १९३ हे असेच वर्ष आहे. त्या वर्षी पाच जणांनी सम्राटपदावर हक्क सांगितला. २८ मार्चला राजधानीच्या अंगरक्षक सैनिकांनी पेर्टिनॅक्स या सम्राटाला मारले आणि छावणीच्या तटावरून सम्राटपदाची बोली लावली. दिदियस ज्युलियानस या श्रीमंत सेनेटरने दर सैनिकामागे २५,००० सेस्टर्स कबूल केले आणि साम्राज्य विकत घेतले. कॅशियस डिओ हा इतिहासकार त्या वेळी स्वतः सेनेटर होता; त्याने या सौद्याची हकिकत लिहून ठेवली आहे. ज्युलियानस ६६ दिवस टिकला. डॅन्यूबकाठच्या फौजेचा सेनापती सेप्टिमियस सेव्हेरस रोमवर चालून आला आणि जूनच्या आरंभी ज्युलियानस राजवाड्यात मारला गेला. एवढ्यात त्याने सोन्याची आणि चांदीची नाणी पाडली होती. एका प्रकारच्या नाण्यावर त्याचा दाढीवाला चेहरा आहे आणि मागच्या बाजूला हातात पृथ्वीचा गोल धरलेली आकृती. लेख असा की हा जगाचा नियंता. दुसऱ्या प्रकारावर सैनिकांच्या एकजुटीची देवता आहे. ज्यांनी पदाचा लिलाव केला आणि संकट येताच पाठ फिरवली, त्या सैनिकांची एकजूट! आणि पेर्टिनॅक्सने दिनारातली चांदी वाढवली होती, ती ज्युलियानसने पुन्हा कमी केली. पोटातला धातू घटत होता तेव्हाच वरचा शब्द फुगत होता.

सव्वापंधराशे वर्षांच्या अंतराने, वेगळ्या लिपीत, वेगळ्या धर्माच्या राज्यात तीच गोष्ट घडते, तेव्हा तिला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. माझे म्हणणे असे आहे की आपण नाण्याला इतिहासाचे निकालपत्र समजतो आणि तिथे चूक होते. नाणे हा दावा आहे. फिर्यादीने कोर्टात दाखल केलेल्या अर्जाइतकीच त्याची किंमत. अर्जात काय लिहिले आहे हे जाणून घ्यायचेच. पण तो मंजूर झाला की नाही, हे अर्जावरून कळत नाही. अल्पजीवी राज्यकर्त्याचे नाणे हे ढळढळीतपणे दाखवते, कारण त्याच्याकडे दाव्यापलीकडे दुसरे काही नसते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बखरी पन्नास-शंभर वर्षांनी लिहिल्या जातात. दरबारी इतिहासकार धन्याच्या मर्जीप्रमाणे लिहितो. ताम्रपट बनावट निघतात. नाणे मात्र ज्या काळाचे, त्याच काळात पडलेले असते आणि नंतर कुणी त्यात शब्द घालू शकत नाही. मग त्यापेक्षा विश्वासू साक्षीदार कोणता? मला हे मान्य आहे. नाणे त्या काळाचे असते. पण त्या काळात जन्मलेले खोटेही त्या काळाचेच असते. रफी-उद्-दराजातचा रुपया एवढे निःसंशय सांगतो की १७१९ मध्ये कुणाला तरी हे नाव चांदीवर यावे असे वाटत होते आणि टांकसाळ त्यांच्या ताब्यात होती. ते कोण, हे रुपया सांगत नाही. त्यावर सय्यद अब्दुल्लाखान किंवा हुसेन अलीखान यांचे नाव नाही. त्या दिवसांत दिल्लीत सुमारे दीड हजार मराठे रस्त्यावर कापले गेले. त्यांचाही त्यावर माग नाही.

दाव्याची तपासणी बाजारात होत असे, आणि तपासणारा सराफ होता. मोगल काळात चांदी घेऊन टांकसाळीत जाऊन, घडणावळ देऊन कुणालाही रुपये पाडून घेता येत. चालू वर्षाचा सिक्का असेल तर त्याला पूर्ण भाव. वर्ष उलटले, बादशहा बदलला की तोच रुपया जुना ठरे आणि त्यावर बट्टा लागे. चांदी तीच, वजन तेच, सुमारे साडेअकरा ग्रॅम. तरी सराफ कमी मोजणार. मग व्यापारी काय करील? जुना रुपया पुन्हा टांकसाळीत नेऊन नव्या नावाने पाडून घेईल. तीन महिन्यांच्या बादशहाची नाणी दुर्मिळ का, याचे निम्मे उत्तर इथे आहे. ती कमी पडली हे खरे. पण पडलेल्यांपैकीही पुष्कळशी बट्ट्याच्या भीतीने पुन्हा मुशीत गेली असणार. सम्राटाला लोकांनी नाकारले असे आपण म्हणतो, तेव्हा ते नाकारणे पुष्कळदा असे निरुपद्रवी दिसते. कुणी घोषणा देत नाही. पेढीवर बसलेला एक माणूस रुपया दगडावर वाजवतो, त्यावर बारीकसा ठसा मारतो आणि दोन पैसे कापून घेतो.

ईस्ट इंडिया कंपनीला ही सराफी सत्ता पुरती कळली होती. बंगालमध्ये तिने शाह आलमच्या रुपयावर त्याच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष गोठवून टाकले. वर्षे उलटत गेली, तरी रुपया एकोणिसाव्या वर्षाचाच. वर्ष बदलत नाही म्हटल्यावर जुनेपणाचा बट्टा कशावर लावणार? शाह आलम १८०६ मध्ये वारला. १८३५ मध्ये सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकसारखा रुपया येईपर्यंत त्याचे नाव चालत राहिले. एकाचे नाव तीन महिन्यांत बाजाराने नाकारले आणि दुसऱ्याचे मेल्यानंतर जवळपास तीस वर्षे स्वीकारले. दोघांच्याही हातात प्रत्यक्ष सत्ता नव्हती.

सप्टेंबर १७१९ मध्ये मुहम्मदशाह तख्तावर आला. त्याआधी दुसरा भाऊही, शाहजहान दुसरा या नावाने, तीन महिने राज्य करून मेला होता. मग हुकूम निघाला की मुहम्मदशाहाची कारकीर्द फर्रुखसियर पदच्युत झाला त्या दिवसापासून मोजावी. दोन बादशहांच्या साऱ्या कारकिर्दी सरकारी कालगणनेतून खरवडून काढल्या गेल्या. म्हणजे ज्या दिवशी बाळाजी विश्वनाथाला सनदा मिळाल्या, त्या दिवशी अधिकृत हिशेबाने त्या देणारा बादशहा अस्तित्वातच नव्हता! तरी सनदा होत्या आणि रुपयेही होते. सत्तेला दप्तर बदलता येते, कालगणना बदलता येते. पण एकदा लोकांत गेलेली नाणी शेवटच्या एका नगापर्यंत परत बोलावता येत नाहीत. माझ्या दृष्टीने फसलेल्या राज्यकर्त्याच्या नाण्याचे मोल ते दुर्मिळ आहे म्हणून नाही, पुसण्याच्या हुकमातून ते निसटले म्हणून आहे.

आणि त्या सनदांचे काय झाले? नाण्यांचे झाले तेच. मान्यता कागदाने मिळाली नाही, ती मिळवावी लागली. निजामाने शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यातल्या वादाचे निमित्त करून चौथाई अडवली. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने त्याला कोंडीत पकडले आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला निजामाने तह केला. १७१९ च्या कागदात जीव आला तो तेव्हा. बाजीराव स्वतः वडिलांबरोबर दिल्लीला गेलेला होता. तख्तावरच्या बाहुल्या कोण हलवतो हे त्याने पाहिलेले होते. पुढच्या वीस वर्षांत त्याने बादशाही शिक्क्याला किती किंमत दिली आणि घोड्यांच्या टापांना किती, हे त्याच्या मोहिमाच सांगतात.

आता उलट बाजू. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक केला तेव्हा होन आणि शिवराई पाडल्या. अक्षरे देवनागरी, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. तो दावा होता, आणि त्याच्या मागे गड होते, फौज होती, रयत होती. पेशव्यांनी मात्र आपले नाव नाण्यावर कधी घातले नाही. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाची खूण, बाकी मजकूर फारसी आणि नाव मोगल बादशहाचे. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊने दिल्ली घेतली. फौजेला पैसा नव्हता, म्हणून दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले. ऑक्टोबरमध्ये त्याने शाहजहान तिसरा या वर्षभरही न टिकलेल्या बादशहाला काढले. दिल्लीत त्या घडीला मराठ्यांवर हुकूम चालवील असा कुणी नव्हता. तरी तख्तावर नाव लावले ते दिल्लीपासून दूर बिहारकडे फिरणाऱ्या शाह आलमचे.

हजार वर्षांनी सगळी कागदपत्रे नष्ट झाली आणि अभ्यासकाच्या हाती फक्त नाणी राहिली, तर त्याला काय दिसेल? रफी-उद्-दराजात दिसेल. निकुसियर दिसेल. बाजीराव दिसणार नाही, नानासाहेब दिसणार नाहीत, थोरले माधवराव दिसणार नाहीत. जेमतेम साडेआठ महिने पेशवेपदावर राहिलेल्या आणि ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात मारल्या गेलेल्या नारायणरावाचा मागमूसही राहणार नाही. केवळ नाण्यांवरून लिहिलेल्या इतिहासात अठराव्या शतकातला हिंदुस्थान दिल्लीहून शांतपणे चालला होता असे वाटेल. हे भय काल्पनिक नाही. भारताच्या प्राचीन इतिहासाचे मोठे भाग आपण नाण्यांवरूनच उभे केले आहेत.

ईश्वरदत्ताचेच पाहा. पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांच्या मालिकेत हा महाक्षत्रप अचानक येतो. तो अभीर असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. नाशिकच्या लेण्यांत अभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख आहे. ईश्वरदत्ताच्या नाण्यांवर राजाचा चेहरा आहे, ग्रीक अक्षरांचे बिघडलेले अवशेष आहेत आणि वर्षे दोनच, पहिले आणि दुसरे. तिसरे नाही. क्षत्रप आपल्या नाण्यांवर शक संवत घालत. याने ती सार्वत्रिक गणना सोडून स्वतःच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजली. त्या एका निर्णयाने तो अधांतरी झाला. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी त्याचा काळ इ. स. १८८ ते १९० धरला, रॅप्सनने २३६ ते २३९. दोन वर्षांचे राज्य आणि मतभेद जवळपास अर्ध्या शतकाचा. नव्या युगाचा आरंभ आपल्यापासूनच म्हणणाऱ्याला काळात जागाच उरली नाही, इतकी कठोर शिक्षा इतिहासाने क्वचितच कुणाला दिली असेल.

अशा माणसाला काळात परत बसवायचे तर नाण्यावरचा लेख पुरत नाही. ते कुठल्या हंड्यात, कुठल्या सोबत्यांबरोबर, कुठल्या थरात सापडले हे लागते. रोमच्या बाजूचे उदाहरण इथे फार बोलके आहे. १९०० साली फ्रान्समध्ये नांत शहराजवळ एक नाणे मिळाले. त्यावर डोमिशियानस नावाचा सम्राट होता. पहिल्या शतकातला प्रसिद्ध डोमिशियन नव्हे. तिसऱ्या शतकात गॉल आणि ब्रिटन रोमपासून फुटून निघाले होते, त्या काळातला कुणी दुसराच. असा सम्राट इतिहासकारांना ठाऊक नव्हता. म्हणून नाणेच संशयित ठरले आणि शंभर वर्षे बनावट म्हणून बाजूला पडून राहिले. २००३ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या चालग्रोव्ह गावी शेतात एक मडके सापडले. आत सुमारे पाच हजार नाणी, गंजून एकमेकांना चिकटलेली. ब्रिटिश म्युझियममध्ये ती सुटी करताना त्याच डोमिशियानसचे दुसरे नाणे निघाले, आणि तेही पहिल्याच्याच ठशातले. सतराशे वर्षे बंद असलेल्या मडक्यात कुणी बनावट नाणे सरकवू शकत नाही. इ. स. २७१ च्या सुमारास काही दिवस, फार तर काही आठवडे सम्राट म्हणवलेला माणूस इतिहासात परत आला. त्याला परत आणणारे ते मडके होते. तेच नाणे एखाद्या लिलावात सुटे विकायला आले असते, तर त्यालाही बनावट म्हटले गेले असते.

आपल्याकडे याहून मोठी गोष्ट १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे घडली. तिथल्या साठ्यात क्षत्रप नहपानाची १३,२५० हून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांतल्या ९,२७० वर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे मारलेले होते. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचे चिन्ह. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात तिच्या मुलाने, गौतमीपुत्राने, खखरात वंश, म्हणजे नहपानाचा वंश, निःशेष केला असे म्हटले आहे. आईने मुलाचे केलेले वर्णन म्हणून ते कुणी बाजूला सारले असते. पण हजारो नाण्यांनी, आणि त्याच नाशिकच्या परिसरात, तो दावा मान्य केलेला दिसला. शिवाय ठसा न मारलेली चार हजारांच्या आसपास नाणी सोबत होती. म्हणजे जुनी नाणीही त्याच साठ्यात पैसा म्हणूनच जपली होती. ही सगळी माहिती साठा एकत्र मिळाला, मोजला गेला आणि नोंदवला गेला म्हणून आली. यातली शंभर नाणी निवडून बाकी आटवली असती, तर नहपानाचा चेहरा कळला असता आणि त्याचा पराभव कळला नसता.

जोगलटेंभी आमच्या राजगुरुनगरपासून फार लांब नाही. नाशिक रस्त्याने सिन्नरच्या अंगाला वळले की झाले. त्याच रस्त्यावर आधी जुन्नरचा फाटा लागतो. जुन्नरच्या लेण्यांत नहपानाच्या अमात्याचा, अयमाचा, शेहेचाळिसाव्या वर्षाचा लेख आहे आणि यवन दात्यांची नावे आहेत. नाणेघाटातून कोकणच्या बंदरांकडे माल उतरे. हिंदुस्थानात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स वाहून जातात अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात केली, त्यातला काही पैसा याच डोंगरांतून वर आला असला पाहिजे. सेप्टिमियस सेव्हेरसची सोन्याची नाणी सोलापूरकडे दारफळला मिळाली. म्हणजे १९३ सालच्या त्या भांडणात जो जिंकला, त्याचे नाव आपल्या मातीपर्यंत पोचले.

आमच्या पंचक्रोशीने नावांचे दावे पुष्कळ पाहिले आहेत. १६६० मध्ये शाइस्ताखानाने फिरंगोजी नरसाळ्याचा चाकणचा किल्ला घेतला आणि मोगलांनी चाकणला इस्लामाबाद नाव दिले. आज चाकणच्या कारखान्यांत येणाऱ्या हजारो कामगारांतल्या एकालाही ते ठाऊक नसेल. औरंगजेबाने पुण्याला मुहियाबाद केले. ते मात्र पेशवाईतल्या काही रुपयांवर टांकसाळीचे नाव म्हणून टिकून राहिले, बोलण्यात कधी आले नाही. आणि खेड हे गाव राजगुरुनगर झाले, शिवराम हरी राजगुरू या इथल्या मुलाच्या नावाने, जो २३ मार्च १९३१ रोजी लाहोरला वयाच्या बाविसाव्या वर्षी फासावर गेला. तालुका अजून खेडच आहे, म्हातारी माणसे अजून खेडच म्हणतात, आणि तरी राजगुरुनगर हे नाव लोकांनी स्वीकारले आहे. त्यासाठी कुणाला टांकसाळ लागली नाही. इस्लामाबाद आणि राजगुरुनगर, दोन्ही नावे वरून आली. एक पुसले गेले आणि दुसरे लागले. नाव लावणाऱ्याच्या ताकदीपेक्षा स्वीकारणाऱ्याचे मन मोठे ठरते, याला मी आमच्या या रस्त्याइतका चांगला पुरावा पाहिलेला नाही.

मार्च २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली भागात बांधकामाच्या खोदाईत सापडलेली २१६ सोन्याची नाणी ताब्यात घेतली. वजन २ किलो ३५७ ग्रॅम. सोबत कांस्याच्या भांड्याचा तुकडा. काळ १७२० ते १७५०, म्हणजे मुहम्मदशाहाच्या आगेमागे. भागाकार केला तर एका नाण्याचे वजन सुमारे १०.९ ग्रॅम येते, मोगल मोहरेचे असावे तेवढेच. म्हणजे रफी-उद्-दराजातला कालगणनेतून पुसून टाकणाऱ्या बादशहाच्या काळातले हे धन, आणि ते पेशव्यांच्या पुण्यापासून काही कोसांवर पुरलेले. बातम्यांत चर्चा झाली ती एक कोटीच्या वर जाणाऱ्या किमतीची. मला त्या कांस्याच्या तुकड्याची अधिक काळजी वाटते. भांडे किती खोल होते, वर कोणता थर होता, शेजारी भिंत होती की चूल होती की नुसते शेत, सगळ्यात नवे नाणे कोणत्या वर्षाचे आणि ते किती झिजलेले. पुरणारा सरदार होता, सावकार होता की वाटसरू, हे यावरून ताडता आले असते. धन पोलिसांमुळे वाचले आणि पुरातत्त्व खात्याकडे जाऊ शकले, हे चांगलेच झाले. पण जेसीबीच्या एका फटक्यात भांडे फुटते तेव्हा त्याची साक्षही फुटते, आणि ती कुठल्याही जप्तीने परत येत नाही.

भोसरीपासून चाकणपर्यंत आणि पुढे राजगुरुनगरपर्यंत गेली वीस-पंचवीस वर्षे जमीन जितकी उकरली गेली तितकी आधीच्या हजार वर्षांत उकरली गेली नसेल. कारखान्यांचे पाये, गोदामे, इमारती, रुंद होणारा महामार्ग. ही जमीन कोरी नाही. खेडमध्येच सतराव्या शतकाच्या आरंभीची दिलावरखानाची मशीद आणि घुमट उभे आहेत; सैन्ये, वाणी, वारकरी याच रस्त्याने गेले. इथे धन निघणार आणि निघतही असणार. ते दिसत नाही, कारण ते मुशीत जाते. काही जण म्हणतील, कारखान्यांनी तालुक्याला पोटापाण्याला लावले, आता मडक्यांसाठी पाये थांबवायचे का? थांबवायचे नाहीत. दोन दिवस उशिरा पडलेल्या स्लॅबने कुणी उपाशी मरत नाही, आणि नोंदीला सहसा दोन दिवसही लागत नाहीत. जागेचा फोटो, खोलीचे माप, भांड्यासकट उचललेली माती. एवढ्याने बहुतेक काम होते.

आपल्या लोकांच्या मनातली भीती मला ठाऊक आहे. गुप्तधन म्हटले की एकतर भूतबाधा, नाहीतर पोलीस. पहिल्या भीतीवर भोंदू पोसले जातात; गुप्तधन शोधण्याच्या बहाण्याने होणारी अमानुष कृत्ये २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवली आहेत. दुसऱ्या भीतीचे कारण अज्ञान आहे. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे आणि ज्याला धन सापडते त्याच्या तो विरोधात नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे: काय, किती, कुठे, केव्हा. मालक सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश ज्याला सापडले त्याचे, एक चतुर्थांश जमीनमालकाचे. सरकारला ते ठेवायचे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवले तर मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे खोदणाऱ्या मजुरासाठी प्रामाणिकपणा हाच फायद्याचा सौदा आहे. हे त्याला कुणी सांगितले आहे का? ठेकेदाराने सांगितले नाही, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले नाही.

माझी मागणी साधी आहे. चाकण औद्योगिक पट्ट्यात पायाखोदाईची परवानगी देताना या कायद्याचा एक पानी मराठी आणि हिंदी मजकूर ठेकेदाराला द्यावा आणि तो कामाच्या जागी लावणे बंधनकारक करावे. तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तहसील कार्यालयाशी बोलून ठेवावे, म्हणजे खबर आली की दोन विद्यार्थी टेप आणि कॅमेरा घेऊन तासाभरात पोचतील. सराफांनी मातीत निघालेले नाणे आटवण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवावेत; जुना रुपया ओळखणारे डोळे आजही त्यांच्याकडेच आहेत. आणि वाचकहो, तुमच्या शेतात, तुमच्या प्लॉटवर, तुमच्या विहिरीच्या गाळात काही लागले तर ते धुऊ नका, घासू नका, एकेक सुटे करू नका. जसे आहे तसे, मातीसकट राहू द्या आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.